कार्यविश्लेषण आणि भाराचे अंतर

पाठीच्या दुखापतीतून सावरलेला कामगार पूर्वीच्या कामास योग्य आहे काय, याचा निर्णय केवळ त्याच्या स्नायूंची शक्ती मोजून होत नाही. म्हणूनच व्यवसायोपचारात कार्यविश्लेषणास महत्त्व आहे. भार किती, तो शरीरापासून किती दूर व किती वेळा उचलावा लागतो, हे त्यात पाहिले जाते.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेले भार उचलण्याविषयीचे सूत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. सर्व परिस्थिती अनुकूल असता त्यात भाराची मर्यादा २३ किलोग्रॅम धरली आहे. घोट्यांच्या मध्यापासून हातांचे आडवे अंतर २५ सेंटिमीटरांवरून ५० झाले, की इतर घटक तेच असूनही ती मर्यादा ११.५ किलोग्रॅमवर येते. भार जसजसा दूर जातो, तसतसा तरफेच्या नियमाने कमरेवरील ताण वाढतो, हे त्याचे कारण होय.

तथापि हे सूत्र निरोगी कामगारांसाठी रचलेले आहे. रुग्णाची मर्यादा त्याच्या प्रत्यक्ष तपासणीनेच ठरवावी लागते. परंतु अडथळा कोठे आहे, हे सूत्र दाखविते. मधला कठडा हलवून भार जवळ आणता आला, तर ज्या कामापायी कामगाराची नोकरी जावयाची, तेच काम त्याच्या आवाक्यात येण्याचा संभव असतो.