एकाच नांवाचीं अनेक घरें



२०२५ सालच्या उन्हाळ्यांतली गोष्ट. आमच्या शेजारचे एक गृहस्थ हातांत कागद घेऊन सकाळींच माझ्याकडे आले. नोकरींतून मोकळे होतांना मिळालेल्या रकमेंतून त्यांनीं सीमेन्स लिमिटेड या कंपनीचे कांहीं भाग विकत घेतले होते. आतां जुन्या प्रत्येक भागामागें ‘सीमेन्स एनर्जी इंडिया’ या नव्या कंपनीचा एक भाग त्यांच्या नांवें जमा झाला होता. “गुरुजी, आमची कंपनी फुटली कीं काय?” त्यांनीं विचारलें. सारा जन्म अंकगणित आणि भूगोल शिकविण्यांत गेलेल्या माणसाला याचें उत्तर चटकन् कोठून सुचणार? पण नाहीं म्हणणें जिवावर आलें, म्हणून चार पुस्तकें चाळलीं. त्यांतून जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

मूळ पेढी जर्मनींतली. १८४७ च्या ऑक्टोबरांत बर्लिन शहरीं एका घराच्या मागील इमारतींत ती सुरू झाली. वेर्नर सीमेन्स हा प्रशियाच्या तोफखान्यांतील अधिकारी, योहान गेओर्ग हाल्स्के हा कुशल कारागीर; भांडवल वेर्नरच्या चुलत भावानें दिलें. मुख्य माल तारायंत्राचा. मोर्सच्या यंत्रासाठीं टिंबरेघांची लिपि शिकावी लागे. सीमेन्सच्या यंत्रांत कांटा फिरून अक्षरावर थांबे, म्हणजे साक्षर असलेल्या कोणालाही तें चालवितां येई. पुढें या घराण्यानें लंडनहून प्रशिया, रशिया व इराण या देशांतून जाणारी तार टाकली. तेहरानला ती हिंदुस्थानाकडे येणाऱ्या तारेस मिळाली, आणि १८७० सालीं लंडनचा संदेश २८ मिनिटांत कलकत्त्यास पोंचला. आपल्या देशाशीं या नांवाची ओळख इतकी जुनी आहे.

तारायंत्राला लागणारी वीज बॅटरींतून मिळे; तिच्यानें गिरण्या चालत नाहींत. १८६६ सालीं वेर्नरनें डायनॅमोचें तत्त्व सिद्ध केलें. त्याच सुमारास इंग्लंडांतही तें इतरांना सुचलें होतें. मला तरी तें व्याजाच्या हिशेबानेंच उमगलें. लोखंडांत थोडेंसें चुंबकत्व शिल्लक असतें. त्यापुढें तारेचें वेटोळें फिरविलें कीं किंचित् वीज निर्माण होते. ती त्याच लोखंडाभोंवतीं खेळविली कीं चुंबक बळावतो. बळावलेला चुंबक आणखी वीज देतो. मुद्दल दमडीचें, पण व्याज चक्रवाढ! चाक फिरविण्याचे श्रम मात्र कोणी तरी करावेच लागतात. फुकट कांहींच मिळत नाहीं.

येथून एका दुकानाचीं अनेक दुकानें झालीं. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनांत या पेढीनें विजेची चिमुकली आगगाडी चालविली (शब्द विनोदी खरा, कारण तींत आग नव्हती). मग दिवे आले, मोठमोठीं जनित्रें आलीं. १९२५ सालीं एर्लांगेन येथील क्ष-किरण यंत्रांची पेढीही पदरीं पडली. विस्तार वाढला तशा वाटण्याही झाल्या. १९०३ सालीं बलवान् प्रवाहाचीं कामें निराळ्या कंपनीकडे गेलीं. तारायंत्रादि हलक्या प्रवाहाचीं कामें मूळ पेढीकडे राहिलीं. १९६६ सालीं औषधोपचाराच्या यंत्रांसह सर्व चुली पुन्हां एक झाल्या.

तेव्हां आजची वाटणी कांहीं नवलाची नव्हे. १९९९ सालीं अर्धवाहकांचा विभाग वेगळा होऊन इन्फिनिऑन झाला, २०१३ सालीं दिव्यांची ओस्राम निघाली, २०१८ सालीं रुग्णालयांच्या यंत्रांची हेल्थिनिअर्स बाजारांत आली आणि २०२० सालीं वीजनिर्मितीची सीमेन्स एनर्जी स्वतंत्र झाली. कारण उघड आहे. वीजकेंद्राचें चक्रयंत्र घडवून उभें करण्यास वर्षें लागतात. कारखान्यांतील यंत्रांना हुकूम देणारी संगणकाची प्रणाली आज विकली तर पैसा लवकर हातीं येतो. एकाची शेती ऊंसाची, दुसऱ्याची भाजीपाल्याची. एका वहींत हिशेब ठेवला तर कोण कमावतो आणि कोण बुडवितो हें कळत नाहीं. पण वाटणी म्हणजे नेहमींच कल्याण, असें मात्र मी म्हणणार नाहीं. मोबाइल फोनचा विभाग २००५ सालीं तैवानच्या बेनक्यू कंपनीस दिला. पुढच्याच वर्षीं त्याच्या जर्मन शाखेचें दिवाळें निघालें आणि सुमारें ३,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आतां शेजाऱ्यांच्या कागदाकडे येतों. २०२३ सालीं सीमेन्स एनर्जीच्या पवनचक्क्यांत दोष निघाले, तोटा अतोनात झाला, आणि जर्मन सरकारला साडेसात अब्ज युरोंची हमी द्यावी लागली. वेगळ्या झालेल्या लेकाला मदत म्हणून वडील घरानें त्याच्याकडील आपल्या हिंदी कंपनीचे शेंकडा १८ भाग २.१ अब्ज युरोंस विकत घेतले. म्हणजे जटलंडांतील वा कॅस्टिलमधील पवनचक्की बिघडली तर तिचा धक्का मुंबईच्या भागबाजारापर्यंत येऊन पोंचतो! हिंदी कंपनींतील वीजनिर्मितीचें काम वेगळें काढण्यास त्यामुळें वेग आला.

वडील घराकडे आज कारखान्यांचें स्वयंचलन, इमारती व वीजवांटपाचीं साधनें आणि रेल्वे हीं मुख्य कामें आहेत. हेल्थिनिअर्समधील मोठा हिस्साही भागधारकांस वांटण्याचा बेत २०२५ च्या नोव्हेंबरांत जाहीर झाला. रेल्वेचें काम आपल्या परिचयाचें आहे : गुजरातेंतील दाहोदच्या रेल्वे-कारखान्यांत ९,००० अश्वशक्तीचीं १,२०० विद्युत् एंजिनें या कंपनीच्या आराखड्यानुसार तयार व्हावयाचीं असून त्यांच्या देखभालीच्या केंद्रांत पुण्याचेंही नांव आहे.

शेजाऱ्यांना मीं हें सर्व सांगितलें. “म्हणजे फुटली नाहीं, विभक्त झाली,” ते म्हणाले, आणि कागद घडी करून खिशांत ठेवला. इतक्यांत आंतून त्यांच्या पत्नीनें विचारलें, “आपलें कपडे धुण्याचें यंत्र तरी याच घराचें ना? वर नांव आहे कीं!”

मला नाहीं म्हणावें लागलें. तो हिस्सा सीमेन्सनें २०१५ सालींच बॉश कंपनीला विकला; नांव तेवढें परवानगीनें राहिलें आहे.