करमणुकीच्या दारावरची पाटी

भारतीय राज्यघटनेचे 15 वे कलम आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पण त्याच्या दुसऱ्या पोटकलमातील एका शब्दप्रयोगाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या पाठोपाठ तेथे सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा उल्लेख आहे. विहिरी आणि तलावांचे समजते. 1927 चे महाड आपण विसरलेलो नाही. पण करमणूक? अर्धपोटी माणसाच्या हक्कांच्या यादीत करमणुकीचे काय काम, असे कोणी विचारील. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ढोलकी वाजवून गावाची करमणूक केली आणि स्वतः मात्र मांडवाबाहेर उभा राहिला, त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद करून सांगितला. नुसते आत पाऊल टाकू देणे पुरेसे नाही, तेथे मिळणारी सेवाही मिळाली पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही पाच कारणे त्या कलमात आहेत. अपंगत्व त्यात नाही. आजचा आमचा विषय त्या रिकाम्या जागेचा आहे.

अंजूर हे भिवंडी तालुक्यातले गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते वसईच्या मोहिमेतील गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे आले, ट्रकवाल्यांच्या तोंडी आहे ते अंजूरफाट्यामुळे. सभोवती गोदामांचा पट्टा आहे, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. माग, हमाली, अवजड वाहने आणि लोकलचे रूळ यांनी ज्यांचे बोट, हात किंवा पाय नेला अशी माणसे या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. त्यांनाही मुले आहेत आणि मुलांना रविवार असतो. एके काळी सहल म्हटली की गोराईचे एस्सेलवर्ल्ड. 1989 मध्ये ते सुरू झाले आणि 2022 मध्ये बंद पडले. आता कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याची टिकुजिनीवाडी आहे, ऐपत असेल तर खोपोलीजवळचे इमॅजिका. आणि ज्यांना हे काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी चैत्रातली वज्रेश्वरीची जत्रा.

समजा, यंत्रमागावरचा एक कामगार जयपूर फूट लावून मुलीला घेऊन अशा एखाद्या उद्यानात गेला. दारावर सर्वांएवढेच तिकीट काढले. तासभर रांगेत उभा राहिला. आणि पाळण्याच्या फाटकाशी गणवेशातल्या पोराने हात आडवा केला : तुम्हाला बसता येणार नाही, नियम आहे. मुलगी एकटीच बसली, बाप कठड्याला टेकून तिच्या चपला सांभाळत राहिला. त्या पोराचे चुकले काय?

आम्ही हक्काची भाषा बोलणारे आहोत म्हणून ‘चुकलेच’ असे तडकाफडकी उत्तर देणार नाही. 8 जुलै 2011 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डेरियन लेक उद्यानात इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला 29 वर्षांचा एक माजी सैनिक ‘राइड ऑफ स्टील’ या उंच रोलर कोस्टरवर बसला. धावत्या गाडीतून तो फेकला गेला आणि मरण पावला. दोन्ही पाय असणे आवश्यक, असा त्या पाळण्याचा नियम होता. कर्मचाऱ्यांनी त्याला अडवले नाही. अडवले असते तर कदाचित त्याचा अपमान झाला असता, पण तो जिवंत राहिला असता.

हा नियम कोठून येतो हे समजून घेतले पाहिजे. अशा कोस्टरमध्ये माणसाला धरून ठेवतो तो मांडीवर येणारा दांडा. गाडी टेकडी चढून खाली सुटते तेव्हा अंग आसनावरून वर उचलले जाते. त्या क्षणी दांड्याखाली मांडीची पुरेशी लांबी नसेल तर धरायलाच काही उरत नाही. हात घट्ट धरून भागत नाही, हिंमतीनेही भागत नाही. कृत्रिम पायाचा प्रश्न आणखी वेगळा. तो वेगात निसटला तर खालच्या माणसाचे डोके फुटेल. म्हणजे येथे नियम माणसाबद्दल बोलत नाही, आसनाबद्दल बोलतो. 24 मार्च 2022 रोजी फ्लोरिडातील ऑरलँडो येथे उंच मनोऱ्यावरून खाली सुटणाऱ्या पाळण्यातून 14 वर्षांचा एक मुलगा पडून मेला. त्याच्या अंगात कोणतेही व्यंग नव्हते. उत्पादकाने ठरवलेल्या वजनाच्या मर्यादेपेक्षा तो बराच जड होता आणि त्याच्या आसनाचा संवेदक हाताने असा बदलला होता की खांद्यावरचा पट्टा पुरता बसला नसतानाही दिवा हिरवा लागावा. आसनाचे माप मोडले की धडधाकट माणूसही मरतो. आणि आपल्याकडे तर मापापर्यंत जायचीही गरज पडत नाही. अहमदाबादच्या कांकरियाला 14 जुलै 2019 रोजी लंबकासारखा झुलणारा पाळणाच तुटून खाली आला, दोघे ठार झाले. तेथे दोष लोखंडात होता, बसणाऱ्यांत नव्हता.

म्हणून आमचा पहिला प्रश्न पाटी लावणाऱ्यांना आहे. तुमचा नियम आसनाच्या मापातून आला आहे की तुमच्या मनातून? मांडी इतकी लांब हवी, दोन्ही हातांनी दांडा धरता आला पाहिजे, मान सरळ ठेवता आली पाहिजे, हे नियम मोजता येतात, तपासता येतात. पण पाळणा कोणताही असो, ‘अपंग व्यक्तींना प्रवेश नाही’ असे सरसकट लिहिले की मोजमाप संपले. बहिऱ्या माणसाच्या मांडीला काय झाले आहे? अंधाच्या खांद्यावर पट्टा का बसू नये? वर अडकून पडलात तर जिन्याने कसे उतरणार, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणि उतरवण्याच्या साधनांत शोधायचे असते. ते खर्चाचे काम आहे, पाटी स्वस्त पडते.

सुरक्षिततेच्या नावाखाली काय चालते याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. 19 फेब्रुवारी 2012 रोजी जीजा घोष या कोलकात्याहून गोव्याला अपंगत्वाविषयीच्याच एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात बसल्यावर वैमानिकाच्या सांगण्यावरून त्यांना खाली उतरवण्यात आले. त्यांच्यासोबत मुंबईची ‘अडॅप्ट’ ही संस्थाही न्यायालयात गेली. 12 मे 2016 रोजी न्यायालयाने स्पाइसजेट कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. विमानाच्या आसनाला त्यांच्या शरीराची कोणतीही अडचण नव्हती. अडचण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती.

अमेरिकेच्या 1990 च्या अपंग कायद्याखालील नियम या दोहोंत रेघ ओढतात. सुरक्षिततेची अट घालता येते, मात्र ती प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली हवी, तर्कावर किंवा ‘हे लोक असेच असतात’ या समजुतीवर नको. आमच्याकडेही 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे, एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचे 3 रे कलम अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करण्यास मनाई करते. अपवाद एकच : हेतू रास्त असला पाहिजे आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात असला पाहिजे. 29 वे कलम तर करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क शासन आणि स्थानिक संस्थांच्या जबाबदारीत टाकते. 15 व्या कलमात जी जागा रिकामी होती ती अशी 2016 साली कागदावर भरली गेली.

कागदावर म्हणतो, कारण मधल्या काळात या देशाने अपंगांना एक नवे नावही देऊन टाकले : दिव्यांग. नाव गोड आहे. 1938 साली मुंबई कायदेमंडळात आपल्या माथी ‘हरिजन’ हे नाव मारले जात असताना बाबासाहेब सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले होते, याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. देवाचे नाव चिकटवले की माणसाचा हक्क द्यावा लागत नाही, हा जुना हिशेब आहे.

आता जत्रेकडे वळू. तेथे उलटाच प्रकार. आकाशपाळण्याच्या डब्यात बसलेल्याच्या पुढे एक साखळी अडकवली की झाले. उंची, वजन, हात, पाय कोणी पाहत नाही. लंगडा, पांगळा, तान्हे मूल, सगळ्यांना प्रवेश. ही समता आम्हाला नको. उद्यानवाला फक्त अपंगाकडे पाहतो, जत्रेतला पाळणेवाला कोणाकडेच पाहत नाही आणि दोघेही आसनाकडे पाहत नाहीत.

मेळे-जत्रांतील करमणुकीला परवाना देण्यासाठी 1960 सालचे नियम आहेत. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक पाळण्याच्या उत्पादकाच्या अटी मागवाव्यात आणि त्या मराठीत, तिकीट खिडकीपाशी लावायला भाग पाडावे. रांगेच्या शेवटी नव्हे, पैसे देण्याआधी. ज्याला एखादा पाळणा नाकारला त्याला कारण लेखी द्यावे, त्या पाळण्याचे पैसे परत करावेत. ज्या सोबत्यावाचून अपंग व्यक्तीला बसता येत नाही त्याच्याकडून वेगळे तिकीट घेऊ नये. हे अशक्य नाही. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओला 2010 पासून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ नावाचे उद्यान आहे. तेथे चाकाच्या खुर्चीसकट चक्रीवर बसता येते आणि अपंगांना प्रवेश फुकट आहे. आमच्या ग्रामपंचायतींनाही उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. गोदामांच्या करावर चालणाऱ्या ग्रामपंचायतींनी त्यातून जत्रेच्या मैदानात एक उतार आणि एक चाकाच्या खुर्चीचा झोपाळा तरी बसवावा.

कारण लेखी मागा, असे आम्ही आमच्या वाचकांना सांगतो. फाटकावरच्या पोराशी भांडू नका, त्याचा पगार आपल्याच घरातल्या पोरांएवढा आहे. व्यवस्थापकाचे कार्यालय शोधा. कोणत्या पाळण्यावर, कोणत्या आसनासाठी, कोणत्या मापामुळे नाकारले, हे तीन प्रश्न कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर तोच कागद पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा.