अंतराचं गणित (लेखांक ६) : मुंबई ते नागपूर, विमानानं आणि ‘समृद्धी’वरून

पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर कसं काढतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तेच गणित मुंबई-नागपूरला लावू.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले की हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर येतं. रेल्वेनं सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर, आणि धुळे-अकोला-अमरावतीवरून जाणारा जुना रस्ताही आठशेच्या पुढचा. जुने रस्ते गावं जोडत वाढले, म्हणून ते वळत गेले. समृद्धी महामार्ग मुळात या दोन टोकांसाठीच आखला. भिवंडीजवळच्या आमणे इथून नागपूरच्या शिवमडकापर्यंत तो ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे त्याच दोन टोकांमधल्या हवाई अंतराहून जेमतेम नऊ-दहा टक्के जास्त. इगतपुरी-कसाऱ्याचा डोंगर तो पावणेआठ किलोमीटरच्या जोडबोगद्यातून पार करतो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला.

आता वेळ. विमानाच्या वेळापत्रकात सुमारे दीड तास दिसतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर थांब्यावर येणंही धरलेलं असतं. मुंबईत विमान बहुतेकदा पश्चिमेला, समुद्राकडे उडतं आणि मग वळून पूर्वेची वाट धरतं. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीत खोळंबा होतो.

पण प्रवास घरापासून घरापर्यंत मोजायचा. दादरहून धरमपेठेत जायचं तर विमानतळ गाठायला एक तास, आधी पोहोचणं दीड-दोन तास, उड्डाण दीड तास, सामान आणि पुढची टॅक्सी एक तास. बेरीज पाच ते साडेपाच तास. मोटारीनं आमणेपर्यंत दीड तास, महामार्गावर सरासरी १०० च्या वेगानं सात, विश्रांतीचा एक आणि नागपुरात अर्धा : एकूण दहा तास. म्हणजे तिकिटावर सहा-सातपट दिसणारा फरक प्रत्यक्षात दुपटीचाच आहे.

मेहकरच्या माणसासाठी तर उत्तरच उलटं. नागपूरला उतरून त्याला पावणेतीनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला मागे यावं लागेल. समृद्धीवरून तो मुंबईहून पाच-सहा तासांत घरी असतो. या रस्त्याचा खरा फायदा टोकाच्या शहरांपेक्षा जालना, बुलढाणा, वाशीम या मधल्या जिल्ह्यांना आहे.

एक हिशेब मात्र प्रत्येक चालकानं करावा. सपाटीवर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. सगळं अंतर सलग १२० नं कापलं तरी पाच तास पन्नास मिनिटं लागतात आणि १०० नं सात तास. वाचतात फक्त सत्तर मिनिटं. सरळ, एकसुरी रस्त्यावर नजर सुन्न होते, तापलेले टायर फुटतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसच्या अपघातात २५ जणांचा जीव गेला, हे विसरता येणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वी टायरची हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा आणि डोळ्यांवर झोप आली तर गाडी विश्रांतीच्या जागी घ्या. ती सत्तर मिनिटं सोडून द्या.