प्रारण, किरणोत्सर्ग आणि कंप्रता

निपाणी परिसरात रेडिओचा काटा दोन आकड्यांमध्ये फिरवता येई. मराठीसाठी आकाशवाणी सांगली, १२५१ किलोहर्ट्झ; कन्नडसाठी धारवाड, ७६५. यातला १२५१ म्हणजे लहरीची सेकंदाला १२ लाख ५१ हजार आंदोलने. याला मराठी विश्वकोश 'कंप्रता' म्हणतो, शालेय पुस्तके 'वारंवारता'. मला पहिला शब्द अधिक नेमका वाटतो. 'वारंवार'मध्ये पुनरावृत्ती आहे, मोजणी नाही.

रेडिओलहरी, प्रकाश, क्ष-किरण ही सगळी एकाच जातीची प्रारणे. निर्वातात सर्वांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणून कंप्रता वाढली की तरंगलांबी घटते. सांगलीची लहर सुमारे २४० मीटरची, तर ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोबाइलची ३३ सेंटिमीटरची.

खरी गंमत पुढे आहे. प्रारणाची ऊर्जा पुड्यापुड्यांनी मिळते आणि पुडा केवढा हे कंप्रतेवर ठरते. १९०० मध्ये प्लांक यांनी हे सूत्र मांडले; १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ते प्रकाशालाच लावले. जस्ताच्या पत्र्यावर कितीही प्रखर तांबडा दिवा लावा, इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील किरण तो लगेच सोडवतात. उंच फांदीवरच्या आंब्यापर्यंत न पोहोचणारे हजार खडे मारले तरी आंबा पडत नाही; पोहोचणारा एकच दगड पुरतो, तसे हे.

आता आपल्या बातम्यांची भाषा पाहा. मोबाइलच्या मनोऱ्यातून 'किरणोत्सर्ग' होतो, असे सर्रास छापून येते. हा शब्द मुळात युरेनियम, रेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून आपोआप होणाऱ्या उत्सर्गाचा. मनोऱ्याला तो लावला की वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते. प्रत्यक्षात पिवळ्या प्रकाशाचा एक पुडा मोबाइललहरीच्या पुड्याहून पाच लाख पटींनी मोठा असतो, आणि क्ष-किरणाचा त्या प्रकाशाहूनही हजारो पटींनी. रेणूंचे बंध तोडून पेशीतील जनुकद्रव्याला इजा करण्याची ताकद क्ष-किरणांत आहे, काही अंशी उन्हातल्या अतिनील किरणांतही. मनोऱ्याच्या लहरींत ती नाही. (कन्नडमध्ये प्रारणाला 'विकिरण' आणि किरणोत्सारीला 'विकिरणशील' म्हणतात, म्हणजे तिथे घोटाळ्याला आणखी वाव.)

याचा अर्थ रेडिओलहरी कितीही सोसतात असा नाही. मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झवरच अन्न शिजवते. तिथे काम करते ती तीव्रता, आणि परिणाम होतो तापण्याचा. मनोऱ्यांसाठी मर्यादा ठरवतात त्याही याच तीव्रतेच्या. अँटेनापासून दूर जाल तशी ती झपाट्याने कमी होते.