रक्तातील प्रथिनांची ओढ कशी मोजतात?

कच्च्या बटाट्यात खळगा कोरून त्यात साखरेचा पाक घालायचा आणि बटाटा पाण्यात ठेवायचा, हा परासरणाचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात केला असेल. (बटाटा उकडलेला घेतला तर प्रयोग फसतो, हेही मुलांना जरूर दाखवावे.) पाकाची पातळी वर चढते. ती चढू नये म्हणून जेवढा दाब द्यावा लागेल, तो त्या पाकाचा परासरण दाब.

रक्तद्रवाचा हा दाब शरीराच्या तापमानाला पाऱ्याच्या सुमारे ५,५०० मिलिमीटर इतका भरतो! त्यातला जवळजवळ सगळा क्षारांमुळे. प्रथिनांचा, म्हणजे कलिलांचा, वाटा अवघा २५ मिलिमीटर. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण केशवाहिन्यांच्या भिंतींतून क्षार सहज ये-जा करतात, म्हणून त्यांची ओढ दोन्ही बाजूंना सारखीच राहते. अल्ब्युमिनसारखे मोठे रेणू मात्र बहुतांशी आतच अडकतात. रक्तातले पाणी बाहेर झिरपून जाऊ न देण्याचे काम या २५ मिलिमीटरांवर येऊन पडते.

एवढासा दाब मोजायचा कसा? द्रावणाचा गोठणबिंदू किती खाली गेला यावरून परासरण दाब काढता येतो. रक्तद्रव शून्याखाली सुमारे ०.५४ अंशाला गोठतो. त्यात प्रथिनांचा वाटा ०.००२ अंशाच्या आसपास. हा फरक क्षारांच्या गर्दीत हरवून जातो. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये यावर साधा तोडगा काढला. क्षार जाऊ देणारे पण प्रथिने अडवणारे जिलेटिनचे पटल त्यांनी वापरले. क्षारांचा हिशोब आपोआप मिटला आणि प्रथिनांचा दाब ३० ते ४० मिलिमीटर आढळला. केशवाहिन्यांतील रक्तदाबही साधारण याच पट्टीतला, आणि खरी महत्त्वाची गोष्ट हीच होती.

आजच्या उपकरणातही तत्त्व तेच आहे. दोन छोटे कप्पे, मध्ये कृत्रिम पटल. एका कप्प्यात रक्तद्रवाचे काही थेंब, दुसऱ्या बंद कप्प्यात मिठाचे द्रावण. पाणी रक्तद्रवाकडे ओढले जाऊ लागते आणि बंद कप्प्यातला दाब घटतो. ही घट पुरेशी झाली की ओढ थांबते. दाबमापक तीच घट दाखवतो. काही मिनिटांचे काम.

प्रथिनांचे प्रमाण मोजून दाबाचे गणित करता येणार नाही का? येते, पण ते सरळ त्रैराशिक नव्हे. १०० मिलिलिटरमध्ये ७ ग्रॅम प्रथिने असतील तर दाब २५-२६ मिलिमीटर येतो; साडेतीन ग्रॅम असतील तर १३ नव्हे, १० च्या आसपास. प्रथिनांवरील विद्युतभार काही आयनांनाही आपल्या बाजूला रोखून धरतो, हे त्याचे एक कारण. मूत्रपिंडाच्या विकारात लघवीतून अल्ब्युमिन वाहून जाणाऱ्या मुलाचा दाब असाच झपाट्याने उतरतो. त्याच्या डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते, तीत या घसरणीचाही हात असतो. शिरेतून डेक्स्ट्रान दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर प्रथिनांवरून केलेले गणित चुकतेच, कारण डेक्स्ट्रानही पाणी ओढते. तिथे प्रत्यक्ष मोजणीच हवी.

पाठ्यपुस्तकांतील आकृतीत केशवाहिनीच्या शिरेकडील टोकाला पाणी परत आत येताना दाखवतात. ती आकृती फळ्यावर काढताना थोडे जपून. लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की बहुतेक ऊतींमध्ये असे सतत शोषण होत नाही. झिरपलेले पाणी मुख्यतः लसीकावाहिन्यांमधून परतते. आतडे आणि मूत्रपिंड हे अपवाद.