पावसाची वाट पाहू नका, गडगडाट ऐका

‘विदर्भात विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता, यलो अलर्ट’ ही बातमी वर्धेकर आता सवयीने वाचतात. मार्चच्या अवकाळीपासून मृग लागेपर्यंत नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे असे इशारे येत राहतात. शेतकऱ्याने काय काळजी घ्यावी, हे त्या बातमीत असतं. मैदानावरच्या पोरांबद्दल सहसा काही नसतं. आणि नेमक्या याच दिवसांत, परीक्षा आटोपल्या की, आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात.

गावाबाहेरचं मोकळं मैदान, चुन्याची सीमारेषा, लोखंडी पाइपांचा मंडप, टेबलावर चषक, माईकवर कॉमेंट्री. आसपास सर्वांत उंच काय, तर कडेचं कडुनिंब. शेवटच्या षटकात बारा धावा हव्या आहेत. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलंय, गडगडतंय. पण थेंब पडलेला नाही, म्हणून खेळ चालूच. पाऊस सुरू झाला की सगळे धावतात ते मंडपात, नाहीतर त्या कडुनिंबाखाली. इथे दोन चुका होतात. थांबायला उशीर होतो आणि आसऱ्याची जागाही चुकते.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्याला भारतीय हॉकीची खाण म्हणतात. १४ ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या कोलेबिरा भागात पाऊस आला म्हणून हॉकीपटू झाडाखाली थांबले. वीज पडली आणि तीन खेळाडू जागीच गेले. आणखी काही जखमी झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पेरू देशात चिल्का इथे फुटबॉल सामना सुरू होता. तिथे पंचांनी वादळ पाहून खेळ थांबवलाही होता. खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले असतानाच वीज कोसळली. ३९ वर्षांचा एक खेळाडू गेला, गोलरक्षक गंभीर भाजला. पंचांचा निर्णय बरोबर होता, पण काही मिनिटं उशिराचा.

एका विजेने इतके जण एकदम कसे कोसळतात, याचं उत्तर डॉ. मेरी अॅन कूपर या अमेरिकी डॉक्टरांच्या अभ्यासात सापडतं. विजेने होणाऱ्या इजांवर त्यांनी अनेक दशकं काम केलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार थेट अंगावर वीज पडण्याचं प्रमाण शंभरात जेमतेम तीन ते पाच. निम्मे बळी जमिनीत पसरणाऱ्या प्रवाहाचे. वीज जिथे पडते तिथून प्रवाह जमिनीतून चहूकडे जातो. माणसाचे दोन पाय वेगवेगळ्या अंतरावर असतील, तर तो एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून एका झाडाखाली गुरांचा अख्खा कळप दगावतो. साधारण एक तृतीयांश बळी झाडावरून किंवा खांबावरून शेजारच्या माणसाकडे झेपावणाऱ्या विजेचे. म्हणजे कडुनिंबाखाली हे दोन्ही धोके एकाच वेळी असतात.

खेळ कधी थांबवायचा, हा प्रश्न मोठ्या मैदानांवर सोडवलेला आहे. २८ जून २०२५ रोजी अमेरिकेत शार्लट इथे चेल्सी आणि बेन्फिका यांचा क्लब विश्वचषकाचा सामना संपायला काही मिनिटं उरली असताना विजांच्या धोक्यामुळे थांबवला गेला आणि जवळपास दोन तास थांबला. चेल्सीचे प्रशिक्षक वैतागले, पण नियम वाकला नाही. शेवटच्या गडगडाटानंतर किमान तीस मिनिटं मैदानात पाऊल ठेवायचं नाही, हा तिथला सर्वमान्य दंडक आहे. विजेबाबत जनजागृतीची मोहीम अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा वर्षाला सरासरी ५५ माणसं विजेने मरत. आता हा आकडा तिशीच्या आत आहे. भारतात एकट्या २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २,८८७ मृत्यू नोंदवले.

क्रिकेटच्या कायद्यातही हवामान धोकादायक वाटलं, तर पंचांनी खेळ तत्काळ थांबवावा असं आहे. गावच्या स्पर्धेत हा धीर पंचाला आयोजकांनी द्यायला हवा. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीज पाऊस येण्याआधीही पडते. म्हणून ढग गरजला की वेळ झाली, एवढं समजणं पुरे. जवळची स्लॅबची शाळा किंवा काचा लावलेली एसटी ही खरी आसऱ्याची जागा. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि पत्र्याचा मंडप चालत नाही.

मोबाइल वीज ओढतो, हा समज खोटा आहे. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत अॅप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना त्याच मोबाइलवर देतं. कॉमेंट्री करणाऱ्याने ते उघडून ठेवावं. माईक त्याच्याच हातात असतो.

तरीही कोणी कोसळलाच, तर त्याला हात लावायला घाबरू नये. विजेचा मार बसलेल्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास आणि नाडी लागत नसेल, तर लगेच छाती दाबत राहावं आणि १०८ला फोन करावा. शेणात पुरण्यासारखे उपाय करण्यात मोलाची मिनिटं वाया जातात.

स्पर्धेच्या पत्रकावर प्रवेश शुल्क, बक्षिसं आणि ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ एवढं हमखास छापलेलं असतं. वर्धा जिल्ह्यातल्या मंडळांनी यंदा त्याखाली आणखी एक ओळ छापावी: पहिल्या गडगडाटाला सामना थांबेल, सर्वजण शाळेत जातील आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटांनीच खेळ पुन्हा सुरू होईल.