समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

जमिनीला सातबारा असतो. त्यावर कुणाचे नाव कसे चढले आणि कुणाचे कसे उडाले, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समुद्राला मात्र ना बांध, ना गट नंबर. मग समुद्रातली मासळी पिढीजात इस्टेट होऊ शकते काय? होऊ शकते, आणि तीही कायद्याच्या चौकटीत. आइसलँडच्या सामहेर्यी या कंपनीची कहाणी त्यासाठीच वाचली पाहिजे.

1983 साली थोरस्टाइन मार बाल्डविन्सन आणि त्याचे दोन चुलतभाऊ, अशा तिघांनी ही छोटी कंपनी विकत घेतली आणि उत्तरेकडील अकुरेयरी गावात आणली. तिच्याकडे एकच जुना ट्रॉलर होता. पकडलेली मासळी जहाजावरच साफ करून गोठवता येईल, अशी यंत्रणा त्यांनी त्यावर बसवली आणि धंदा उभा राहिला. त्यांची मेहनत आणि हुशारी नाकारण्याचे कारण नाही. पण एका ट्रॉलरचा जागतिक ताफा केवळ मेहनतीने होत नाही. त्यासाठी व्यवस्थेने दार उघडावे लागते.

ते दार 1984 मध्ये उघडले. कॉड मासा संपत चालला होता, म्हणून सरकारने पकडीवर मर्यादा घातली. हेतू योग्यच होता. पण वाटणी कशी केली? आधीच्या तीन वर्षांत ज्या जहाजाने जितकी मासळी पकडली, त्या प्रमाणात त्याला कोटा मिळाला. आपल्या भाषेत ही वहिवाट झाली. मालकाला हक्क मिळाला. त्याच जहाजावर जाळी ओढणाऱ्या खलाशाच्या हाती काही आले नाही. 1990 च्या कायद्याने हा कोटा मुदतीशिवाय आणि खरेदी-विक्रीस मोकळा केला. गंमत पाहा, त्याच कायद्याचे पहिले कलम म्हणते की मासळीचे साठे ही आइसलँडच्या जनतेची सामाईक संपत्ती आहे आणि कोटा मिळाल्याने कुणी मालक होत नाही! कागदावर जनता मालक, बाजारात कोटाधारक मालक. छोट्या गावांतले कोटे विकले गेले, बंदरे ओस पडली. सामहेर्यीसारख्या कंपन्या मात्र फुगत गेल्या.

याविरुद्ध दोन मच्छीमार उभे राहिले. त्यांनी कोटा मागितला, तो नाकारला गेला. 2001 मध्ये त्यांनी कोट्याशिवाय मासेमारी केली आणि स्वतःच सरकारला तसे कळवले. हा उघड कायदेभंग होता. देशातील सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. मग ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. 24 ऑक्टोबर 2007 रोजी समितीने स्पष्ट केले की मूळ कोटाधारकांना असा कायमचा विशेषाधिकार देणे वाजवी नाही; तो समानतेच्या हक्काचा भंग आहे. 2009 पासून छोट्या होड्यांना उन्हाळी किनारी मासेमारीची थोडी वाट मिळाली. व्यवस्थेचा गाभा तसाच राहिला.

घरचा समुद्र पुरेना, तेव्हा ताफा बाहेर निघाला. जर्मनी, ब्रिटन, पोलंड, मोरोक्को, मॉरिटानिया आणि 2011 नंतर नामिबिया. नामिबिया हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीतून 21 मार्च 1990 रोजी मुक्त झालेला देश. स्वातंत्र्यापूर्वी परदेशी ताफ्यांनी त्याचा समुद्र ओरबाडून नेला होता. म्हणून 2000 च्या सागरी संपत्ती कायद्यात एक तरतूद झाली. मासेमारीचे हक्क देताना, पूर्वीच्या भेदभावी कायद्यांमुळे सामाजिक, आर्थिक व शैक्षणिकदृष्ट्या मागे ठेवलेल्यांच्या उन्नतीचा विचार करता येतो. हे शब्द आपल्याला परके नाहीत.

या तरतुदीचे काय झाले? नोव्हेंबर 2019 मध्ये विकिलिक्सने तीस हजारांहून अधिक कागदपत्रे उघड केली. कंपनीचा तेथील माजी व्यवस्थापक योहान्नेस स्टेफान्सन स्वतः पुढे आला. कोटा मिळवण्यासाठी मंत्री आणि त्यांच्या गोतावळ्याला कोट्यवधींची लाच दिली गेली, असा आरोप झाला. मत्स्यव्यवसाय मंत्री बर्नहार्ड एसाऊ आणि न्यायमंत्री साकी शांगाला यांना राजीनामे द्यावे लागले. दोघांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आहेत. कंपनीनेही लाच दिल्याचे नाकारले आणि दोष माजी व्यवस्थापकावर ढकलला. 2021 मध्ये मात्र वृत्तपत्रांत जाहिरात देऊन चुकांबद्दल माफी मागितली. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व वकील म्हणून मी मानतोच. पण 2020 च्या सुरुवातीला कंपनीची जहाजे नामिबियातून निघून गेली आणि खलाशांच्या हातचे काम गेले, ते कोणत्या कोर्टात भरून मिळणार?

मागासवर्गीय संस्थेच्या नावावर टेंडर आणि मागे भलताच ठेकेदार, हा प्रकार आपण तालुक्या-तालुक्यात पाहतो. म्हणून वंचितांसाठीची तरतूद चुकीची, असे म्हणणारे लगेच उभे राहतात. त्यांना विचारले पाहिजे की आइसलँडमध्ये तर अशी तरतूद नव्हती; तिथे समुद्र मूठभरांकडे कसा गेला? दोष तरतुदीचा नाही. बंद दाराआड होणाऱ्या वाटपाचा आहे. कोटा कुणाला, किती, कोणत्या निकषावर आणि त्यामागे खरा पैसा कुणाचा, हे जाहीर असेल तरच नावापुरता लाभार्थी उघडा पडतो.

मे 2020 मध्ये संस्थापकांनी कंपनीतील बहुतांश हिस्सा मुलांच्या नावे करण्याची घोषणा केली. 2025 मध्ये बापाच्या खुर्चीवर मुलगा बसला. जनतेची मासळी वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेली! जन्माने मिळणारा अधिकार कसा असतो, हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या संविधानाचे कलम 39(ख) सांगते की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक ठरेल असे विभागले जावे. आइसलँडचे पहिले कलमही असेच सुंदर होते. कलम सुंदर असून भागत नाही. वाटपाचा कागद उघडून दाखवा, असे म्हणणारी माणसे लागतात.